पाठांतर आणि चिकित्सा : महाविद्यालयीन अभ्यासक्रमांतील स्मरणाच्या स्थानाचा विचार

१

महाविद्यालयीन शिक्षणावरील टीकेत एक आरोप इतक्या सातत्याने केला जातो की, तो आता आरोप न राहता गृहीतकच होऊन बसला आहे. विद्यार्थी घोकंपट्टी करतात, विचार करीत नाहीत, हा तो आरोप होय. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाल्यास ती परीक्षापद्धतीची असावी, अशा आशयाचे मत राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) नोंदविले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) परीक्षेच्या या वर्चस्वाकडे पुन्हा लक्ष वेधले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घोकंपट्टीच्या जागी चिकित्सक विचाराची प्रतिष्ठापना करण्याचा संकल्प सोडला आहे. सत्तर वर्षांहून अधिक काळ ज्या दोषाविषयी सर्वांचे एकमत आहे, तो दोष जर हटत नसेल, तर उपाय योजण्यात कुचराई होत असली पाहिजे, अथवा दोषाचे निदानच कोठेतरी चुकले असले पाहिजे. प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या शक्यतेचा विचार करावयाचा आहे.

निदानातील चूक ही की, पाठांतर आणि चिकित्सा या दोन गोष्टी परस्परविरोधी मानल्या गेल्या. एक कमी केली की दुसरी आपोआप वाढेल, असे समजले गेले. पाठांतर करणे ही क्रिया एकच असली तरी पाठ केलेली वस्तू दोन प्रकारची असू शकते, हा भेद त्यामुळे दृष्टीआड झाला. एका प्रकारात विद्यार्थी विषयाची आधारसामग्री मुखोद्गत करतो : संहिता, सूत्रे, सनावळी, प्रयोगांतून हाती आलेली तथ्ये, वृत्तांचे गण. दुसऱ्या प्रकारात तो त्या सामग्रीवरून दुसऱ्या कोणी काढलेले निष्कर्ष मुखोद्गत करतो : ग्रंथाची वैशिष्ट्ये, युद्धाची कारणे, कवीचे स्थान, सिद्धांताचे गुणदोष. पहिल्या प्रकारचे पाठांतर चिकित्सेला साधन पुरविते, तर दुसऱ्या प्रकारचे पाठांतर चिकित्सेची जागाच व्यापून टाकते. आजच्या महाविद्यालयांत पाठांतर फार होते हे खरे. परंतु त्याहून गंभीर गोष्ट ही की, पाठ करावयाची वस्तू बदलली आहे. आधारसामग्री विसरली जात आहे आणि निष्कर्ष मात्र घोकले जात आहेत. निरनिराळ्या विषयांत हे कसे घडते, याची तपासणी पुढे केली आहे.

२

पाठांतराचा विचार करताना संस्कृत पाठशाळेचा उल्लेख टाळता येत नाही. कारण घोकंपट्टीचा उगम तेथेच आहे, असे सर्रास मानले जाते. हे मत अर्धसत्य आहे. वेदसंहितेचे रक्षण करण्यासाठी पद, क्रम, जटा, घन अशा पाठांची जी योजना झाली, तिच्यात उच्चाराच्या अचूकतेला सर्वोच्च स्थान होते आणि अर्थज्ञान तिला अनिवार्य नव्हते. महाराष्ट्रात वैदिक आणि शास्त्री असे दोन निराळे वर्ग मानले जात, त्याचेही कारण हेच. तथापि अर्थहीन पठणाविरुद्धची पहिली टीकाही त्याच परंपरेतून आलेली आहे. अर्थ न जाणता वेद पाठ करणाराला यास्काने निरुक्तात भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

व्याकरणशास्त्राचे उदाहरण याहून अधिक उद्बोधक आहे. पाणिनीची अष्टाध्यायी आठ अध्यायांत आणि बत्तीस पादांत विभागलेली असून तीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत. यांतील बहुसंख्य सूत्रे एकेकटी वाचली तर अर्थशून्य वाटतात. कारण त्यांतील आवश्यक पदे आधीच्या सूत्रांतून अनुवृत्तीने यावयाची असतात. कोणते पद कोठून निघाले आणि कोठपर्यंत चालले, हे ज्याच्या डोक्यात नाही त्याला सूत्राचे वाक्यच पूर्ण करता येत नाही. दोन तुल्यबळ सूत्रांत विरोध आल्यास क्रमाने पुढचे सूत्र बलवत्तर ठरते. आणि शेवटच्या तीन पादांतील नियमांचे कार्य आधीच्या नियमांच्या दृष्टीने झालेच नाही असे मानावे लागते. तात्पर्य, सूत्राचे स्थान हाच येथे युक्तिवादाचा भाग आहे, आणि ज्याला क्रम पाठ नाही त्याला वादात भागच घेता येणार नाही.

या पाठांतरावर जो बौद्धिक व्यवहार उभा राहिला त्याचे स्वरूप पाहावे. कात्यायनाने वार्त्तिकांतून सूत्रांतील उणिवा दाखविल्या. पतंजलीचे महाभाष्य तर प्रश्न, आक्षेप आणि समाधान अशा संवादाच्या रूपानेच पुढे सरकते. एखादे सूत्र, किंबहुना सूत्रातील एखादे पद, मुळात हवेच कशाला, असा प्रश्न विचारण्यास तेथे संकोच नाही. पाणिनीविषयी परमादर आणि पाणिनीच्या प्रत्येक अक्षराची झडती या दोन गोष्टी एकत्र नांदू शकल्या, कारण पाठ होते ते पाणिनीचे सूत्र. त्याविषयीचा अभिप्राय पाठ करावयाचा नव्हता, तो दर पिढीला वादातून सिद्ध करावयाचा होता. ही पाठशाळा स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना बंद होती, हा तिचा अक्षम्य दोष होय, आणि तिचे पुनरुज्जीवन करावे असे येथे सुचवावयाचे नाही. मुद्दा इतकाच की, स्मरण आणि चिकित्सा यांचे स्वभावतः वैर नाही.

३

मग हे वैर निर्माण झाले कोठे? त्याचा शोध घेताना १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे स्थापन झालेल्या विद्यापीठांच्या घडणीकडे जावे लागते. या विद्यापीठांनी आदर्श घेतला तो १८३६ च्या लंडन विद्यापीठाचा. म्हणजे अध्यापन न करता संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची परीक्षा घेणाऱ्या आणि पदव्या देणाऱ्या संस्थेचा. शिकविणारा एक, प्रश्न काढणारा दुसरा आणि उत्तर तपासणारा तिसरा, अशी ही रचना होती. तीत निःपक्षपातीपणा होता, आणि नव्या पदव्यांना जनमानसात मान मिळण्यासाठी तो आवश्यकही होता. परंतु तिचा एक अपरिहार्य परिणाम असा झाला की, दूरदूरच्या महाविद्यालयांतील हजारो उत्तरपत्रिका अपरिचित परीक्षकाला एकाच मापाने तपासाव्या लागल्या. ज्या उत्तराचे मुद्दे आधी ठरविता येतात तेच उत्तर अशा व्यवस्थेत न्याय्य ठरते. विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे काढलेला निष्कर्ष परीक्षकाजवळच्या आदर्श उत्तराशी जुळत नाही, आणि तो तपासून पाहण्यास परीक्षकापाशी वेळही नसतो.

अशा रीतीने निष्कर्ष हे परीक्षेचे चलन बनले. ‘वैशिष्ट्ये सांगा’, ‘कारणमीमांसा करा’, ‘थोडक्यात टिपा लिहा’ या ठरीव साच्यांतून प्रश्न येऊ लागले. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, त्यांवरून केलेले अपेक्षित प्रश्नसंच, गाइडे आणि वर्गात उतरवून दिलेल्या नोट्स ही सारी परंपरा या साच्यातून जन्मली. तिला केवळ विद्यार्थ्यांचा आळस कारण आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. विद्यार्थी परीक्षेशी अत्यंत तर्कशुद्ध व्यवहार करीत असतो : जे मोजले जाते तेच तो साठवितो.

४

इतिहास हा विषय सनावळीच्या पाठांतरासाठी बदनाम झालेला आहे. ‘सनावळी नको, कारणपरंपरा हवी’ अशी मागणी या विषयातील सुधारकांनी अनेकदा केली. तिचे फलित म्हणून अनेक अभ्यासक्रमांत तारखांचे महत्त्व कमी झाले आणि त्यांच्या जागी कारणांची आणि परिणामांची क्रमांक घातलेली यादी आली. विद्यार्थी आता सहा कारणे पाठ करतो. कोणते कारण कोणत्या घटनेच्या आधीचे आणि कोणते नंतरचे, हे विचारले असता तो गोंधळतो. आणि परिणामानंतर उद्भवलेली गोष्ट त्याच परिणामाचे कारण असू शकत नाही, ही साधी कसोटीही त्याला वापरता येत नाही. सनावळी टाकून दिल्याने विचार वाढला नाही. विचाराचे एक हत्यार मात्र हातचे गेले.

वस्तुतः सनावळीतील एकेक तारीख हीच चिकित्सेचे फळ असते. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद हे याचे मराठी वाचकांना परिचित असलेले उदाहरण होय. बखरींच्या आधाराने पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, ही तिथी प्रचलित होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, अशी नोंद आढळली. १९२७ मध्ये परमानंदांचे शिवभारत प्रसिद्ध झाले, आणि त्या समकालीन काव्यातही हीच तिथी मिळाली. आज १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सर्वत्र सांगितली जाते, ती या पुराव्यांच्या तुलनेतून.

या वादात शिरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला काय काय ठाऊक असावे लागते? शकात ७८ मिळविले असता इसवी सन येतो. परंतु फाल्गुन महिना इसवी सनाच्या पुढील वर्षात पडत असल्याने तेथे ७९ मिळवावे लागतात, म्हणून १५५१ चे १६३० होतात. महिन्यांचा क्रम आणि शकवर्षाचा आरंभ मनात नसेल तर एका वर्षाची चूक सहज होते. शिवाय १९ फेब्रुवारी ही तारीख ज्यूलियन पंचांगाची आहे. ग्रेगोरियन पंचांगाने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. शकावली, बखर आणि समकालीन काव्य यांची विश्वसनीयता सारखी का नाही, हे ठरविण्यासाठी त्या साधनांचा काळ आणि त्यांच्या कर्त्यांचा घटनांशी असलेला संबंध मुखोद्गत असावा लागतो. एवढी सामग्री डोक्यात एकत्र आल्यावरच विसंगती दिसू लागते. ती वेगवेगळ्या कपाटांत पडून राहिली तर दोन नोंदी एकमेकींसमोर येतच नाहीत. शिवजन्माची तारीख पाठ करणारा विद्यार्थी आणि ती कशी सिद्ध झाली हे सांगू शकणारा विद्यार्थी यांच्यात फरक आहे खरा. पण दुसऱ्याचे पाठांतर पहिल्यापेक्षा कमी नसून कितीतरी अधिक आहे.

५

इतिहासात जे सनावळीच्या बाबतीत घडले, तेच भौतिकशास्त्रात व्याख्यांच्या आणि सूत्रांच्या बाबतीत उलट बाजूने घडलेले दिसते. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनी १९५१-५२ च्या सुमारास ब्राझीलमध्ये अध्यापन केले. तेथील अनुभव १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत आला आहे. परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवणाचा नियम तेथील विद्यार्थी अचूक म्हणून दाखवीत. परंतु खिडकीबाहेरच्या उपसागराच्या पाण्यावरून येणारा प्रकाश हाच तो परावर्तित प्रकाश, हे त्यांच्या ध्यानात येत नसे. नियमातील ‘माध्यम’ या शब्दाचा समोरच्या पाण्याशी त्यांनी कधी संबंधच जोडलेला नव्हता. एका शब्दाची व्याख्या दुसऱ्या शब्दांत सांगणे म्हणजे निसर्गाविषयी काही सांगणे, असा त्यांचा समज झाला होता.

हा दोष केवळ एका देशाचा किंवा साधनांच्या दारिद्र्याचा नव्हे. १९९२ मध्ये डेव्हिड हेस्टीनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलविषयक संकल्पनांची एक चाचणी प्रसिद्ध केली. तीत गणित जवळजवळ नाही. प्रश्न साध्या भाषेत विचारलेले आहेत. अवजड मालमोटार आणि लहान मोटार यांची टक्कर झाली असता कोण कोणावर अधिक बल लावते, हा त्यांपैकी एक. न्यूटनचा तिसरा नियम बिनचूक सांगणारे अनेक विद्यार्थी मालमोटारीचे बल अधिक, असे उत्तर देतात. हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर यांनी अशा प्रकारची चाचणी आपल्या वर्गाला दिली, तेव्हा आपण शिकविल्याप्रमाणे उत्तर द्यावे की आपल्याला वाटते त्याप्रमाणे, असे एका विद्यार्थिनीने विचारले. नियमाचे पाठांतर आणि जगाविषयीची समजूत ही दोन दालने तिच्या मनात निरनिराळी होती, आणि त्या प्रश्नाने तिने ते प्रामाणिकपणे उघड केले.

रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांच्या चाचण्यांची तुलना प्रसिद्ध केली. केवळ व्याख्यानांवर चालणाऱ्या अभ्यासक्रमांत, आरंभी न येणाऱ्या भागापैकी सरासरी २३ टक्के भाग विद्यार्थ्यांनी आत्मसात केला. जेथे विद्यार्थ्यांना आधी भाकीत करावयास, परस्परांशी वाद घालावयास आणि मग पडताळा पाहावयास लावले होते, तेथे हे प्रमाण ४८ टक्के होते. ज्या वर्गांत प्रगती अधिक झाली, तेथे न्यूटनच्या नियमांचे स्मरण कोणी वर्ज्य केलेले नव्हते. फरक इतकाच होता की, नियम हा उत्तराचा शेवट न राहता प्रश्नाचा आरंभ झाला होता.

६

साहित्याच्या अभ्यासात हा विपर्यास सर्वाधिक झालेला आहे, आणि मराठी विभागांचा प्रत्यक्ष संबंध त्याच्याशीच येतो. पदव्युत्तर परीक्षेतील एखादा नमुनेदार प्रश्न घ्यावा : मर्ढेकरांच्या लयविषयक सिद्धांताचे विवेचन करा. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात मांडलेली संवादलय, विरोधलय आणि समतोललय ही त्रयी विद्यार्थ्याला पाठ असते. तिच्यावरील आक्षेपही त्याला पाठ असतात. कारण प्रभाकर पाध्ये आणि रा. भा. पाटणकर यांनी घेतलेल्या आक्षेपांचा सारांश नोट्समध्ये दिलेला असतो. म्हणजे चिकित्सा हाही पाठांतराचाच एक परिच्छेद झालेला असतो. परंतु एक अपरिचित कविता पुढे ठेवून तिच्यात या तीन लयींपैकी कोणती कोठे प्रतीत होते, किंवा कोणतीच प्रतीत होत नसल्यास सिद्धांताचे काय करावयाचे, असे विचारले, तर वर्षभर शिकलेली त्रयी अचानक निरुपयोगी ठरते. मम्मटाची सहा काव्यप्रयोजने, रसप्रक्रियेविषयीची मते, नवकाव्याची लक्षणे यांचीही हीच स्थिती आहे.

याच्या उलट, जे पाठ असावयास हवे ते पाठ नसते. ज्या कवीच्या ‘क्रांतिकारकत्वा’वर दहा पाने लिहिली जातात, त्याची एक समग्र कविता पुस्तकाशिवाय सांगू शकणारे विद्यार्थी विरळा. अष्टगण मनात रुळलेले नसल्यामुळे अक्षरगणवृत्ताचा भंग कानाला जाणवत नाही. मग कवीने वृत्त हेतुतः मोडले की अनवधानाने, हा समीक्षेचा प्रश्न उपस्थितच होत नाही. ओवीची आणि अभंगाची चाल कानात नसेल, तर आधुनिक कवीने त्या छंदांशी केलेला व्यवहारही ऐकू येत नाही. समीक्षेला लागणारी पहिली इंद्रियसंवेदना स्मरणावर अवलंबून आहे, आणि तीच अभ्यासक्रमाने कोणाच्याही लक्षात न येता काढून टाकली आहे.

मराठीच्या पाठचिकित्सेचा इतिहास याबाबत मार्गदर्शक आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रतींतील अपपाठ दूर करून संहिता शुद्ध केली आणि तीत नवी ओवी कोणी घालू नये असे बजावले. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या ग्रंथात कोणता शब्द मूळचा आणि कोणता मागाहून शिरलेला, हा निर्णय करण्यासाठी ग्रंथकाराची शब्दकळा आणि ओवीची घडण अंगी मुरलेली असावी लागते. एका ठिकाणचा शब्द पाहताच त्याचे दुसऱ्या ठिकाणचे रूप आठवावे लागते. पुढे वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये, एकनाथपूर्व मानलेल्या प्रतीच्या आधारे, ज्ञानेश्वरीची निराळी संहिता प्रसिद्ध केली आणि रूढ पाठालाच आव्हान दिले. राजवाड्यांच्या निष्कर्षांवर नंतर वाद झाले, आणि ते होणे योग्यच होते. परंतु एकनाथ आणि राजवाडे या दोघांच्याही कार्यात प्रगाढ स्मरण आणि निर्भय संशय यांचा संयोग आहे. परीक्षेत मात्र ‘एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले’ हे वाक्य दोन गुणांची टीप म्हणून विचारले जाते, आणि ज्या कृतीचा तो निष्कर्ष आहे त्या कृतीचा लहानसा नमुनाही विद्यार्थ्याच्या हातून करवून घेतला जात नाही. चार हस्तलिखितांतील एकाच ओवीचे पाठभेद समोर ठेवून ‘यांपैकी कोणता स्वीकाराल आणि का’ असे विचारणे काही अवघड नाही.

७

विषयावाचून चिकित्सक विचार शिकविता येईल, अशी एक आशा अलीकडे बळावली आहे. या विचाराचा एक स्वतंत्र अभ्यासक्रम करावा, त्याला काही श्रेयांक द्यावेत, आणि तेथे कमावलेले कौशल्य विद्यार्थ्याने सर्व विषयांत वापरावे, अशी ती कल्पना आहे. उपलब्ध संशोधन तिला फारसा आधार देत नाही. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये दाखविले की, निष्णात बुद्धिबळपटू खऱ्या डावातील मांडणी क्षणभर पाहून जवळजवळ अचूक आठवू शकतो. परंतु सोंगट्या यदृच्छया मांडल्या की त्याचे हे श्रेष्ठत्व बहुतांशी लोपते. त्याची विचारशक्ती त्याच्या खेळाच्या स्मृतीपासून वेगळी काढता येत नाही. आर्थर एल्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये डॉक्टरांच्या निदानप्रक्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका रुग्णाचे निदान उत्तम करणारा डॉक्टर निराळ्या रुग्णाच्या बाबतीतही तितकाच यशस्वी ठरेल असे नाही, असे त्यात आढळले; कारण यश हे सर्वसाधारण तर्कपद्धतीपेक्षा त्या त्या रोगाच्या ज्ञानावर अधिक अवलंबून होते.

येथे बेंजामिन ब्लूम यांच्या वर्गीकरणाचाही विचार केला पाहिजे. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या वर्गीकरणात ज्ञान किंवा स्मरण ही पहिली पायरी असून मूल्यमापन ही शेवटची आहे. ब्लूम १९५७-५८ मध्ये परीक्षासुधारणेच्या कार्यासाठी भारतात आलेही होते. आज प्रश्नपत्रिकेतील प्रत्येक प्रश्नापुढे त्याची पायरी लिहिण्याची प्रथा अनेक ठिकाणी पडली आहे. परंतु प्रश्नात ‘विश्लेषण करा’ हे क्रियापद घातल्याने तो विश्लेषणाचा प्रश्न होत नाही. त्याचे उत्तर गाइडात तयार असेल, तर तो स्मरणाचाच प्रश्न होय. उलट ‘ही दोन पत्रे कोणत्या क्रमाने लिहिली गेली असावीत’ असा बाह्यतः माहितीवजा प्रश्न विद्यार्थ्याने पत्रे पूर्वी पाहिलेली नसल्यास खऱ्या विश्लेषणाचा ठरतो. पायरी क्रियापदावरून ठरत नाही. उत्तर देणाऱ्याला ते पूर्वी तयार मिळाले होते की नाही, यावरून ठरते. याशिवाय स्मरणाला तळाची पायरी म्हटल्यामुळे ती हलकी, म्हणून टाळण्याजोगी, असा विपरीत अर्थ अनेकांनी घेतला. पाया तळाशी असतो तो त्याच्यावर भार असतो म्हणून, ही गोष्ट विसरली गेली.

स्मरण कसे कमवावे, याविषयीही परंपरागत सवयीची फेरतपासणी आवश्यक आहे. हेन्री रोएडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर त्यातील सुमारे ४२ टक्के भाग आठवला. एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत मात्र पुन्हा वाचणारेच सरस ठरले होते. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे पुनर्वाचन फलदायी का वाटते आणि ते टिकत का नाही, याचा उलगडा यातून होतो.

८

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सारी माहिती यंत्रावर क्षणात मिळत असताना ती डोक्यात वाहण्याची गरज काय? याचे उत्तर वर शिवजन्मतिथीच्या आणि ज्ञानेश्वरीच्या उदाहरणांत आलेले आहे. यंत्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. दोन नोंदींत विसंगती आहे असा संशय येण्यासाठी त्या दोन्ही एकाच मनात असाव्या लागतात. किंबहुना २०२२ नंतर सुलभ झालेल्या लेखनयंत्रांनी आक्षेपाची दिशाच पालटली आहे. ठरीव प्रश्नाचे ठरीव विवेचन आता यंत्र विनासायास लिहून देते. अशा वेळी निष्कर्षांच्या पाठांतराचे उरलेसुरले मूल्यही संपुष्टात येते, आणि त्या विवेचनातील चूक ओळखू शकणाऱ्या स्मरणाचे मूल्य मात्र वाढते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याच्या घरात पुस्तक नाही, ज्याचे आईवडील शाळेत गेले नाहीत आणि जो शंभरांच्या वर्गात मागे बसतो, त्याला गाइडातील दहा मुद्दे हा उत्तीर्ण होण्याचा एकमेव भरवसा असतो. चिकित्सक प्रश्न विचारण्याचा आग्रह धरणे म्हणजे घरीच वादविवाद ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्यांना झुकते माप देणे नव्हे काय? या आक्षेपातील व्यथा खरी आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून केलेली परीक्षासुधारणा क्रूर ठरेल. तथापि निष्कर्षांच्या पाठांतराने या विद्यार्थ्याला पदवी मिळते, विद्या मिळत नाही. आणि नोकरीच्या मुलाखतीत किंवा संशोधनाच्या पहिल्या वर्षात तो फरक त्यालाच सर्वांत महाग पडतो. शिवाय संहिता ही कोणाच्या घरची मिरास नाही. कविता, शकावली, न्यूटनचे नियम सर्वांना सारख्याच किमतीत उपलब्ध आहेत. पूर्वी कोणीच न पाहिलेला उतारा सर्वांसमोर एकाच वेळी ठेवला, तर चांगल्या नोट्स मिळवू शकणाराचा लाभ उलट कमी होतो. मात्र अशा उताऱ्यावर काम कसे करावे, हे वर्गात वर्षभर शिकविलेले असले पाहिजे. न शिकविता परीक्षेत विचारलेली चिकित्सा ही सुधारणा नसून शिक्षा होय.

पदव्युत्तर विभागांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. अध्यापकपदाच्या पात्रतेसाठी घेतली जाणारी राष्ट्रीय पात्रता परीक्षा २०१२ पासून पूर्णतः बहुपर्यायी झाली, आणि २०१८ पासून तीत दोन प्रश्नपत्रिकांतून १५० प्रश्न व ३०० गुण आहेत. २०२४ मध्ये पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही याच परीक्षेचे गुण ग्राह्य धरण्याचा निर्णय झाला. ग्रंथ आणि ग्रंथकार यांच्या जोड्या जुळविणे हे स्मरण निरर्थक नाही. परंतु ग्रंथ न उघडताही ते साधते. म्हणजे उद्याचा अध्यापक निवडताना त्याने संहितेशी कधी झुंज दिली आहे काय, हे कोणत्याही लेखी कसोटीवर तपासले जाणार नाही. ती तपासणी विभागाच्या वर्गात आणि विभागाच्या प्रश्नपत्रिकेत झाली नाही, तर ती अन्यत्र कोठेही होणार नाही.

त्यासाठी मोठ्या धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत किमान एक प्रश्न अपठित सामग्रीवर असावा : साहित्यात कविता किंवा पाठभेद, इतिहासात परस्परविरोधी दोन नोंदी, भौतिकशास्त्रात आकडेमोडीविना सोडवावयाची परिस्थिती. निवडक संहिता तोंडी परीक्षेत पुस्तकाविना म्हणावयास लावावी आणि लगेच तिच्यातील एका शब्दाविषयी प्रश्न विचारावा. विवेचनात्मक उत्तरांत मूळ संहितेतील आधार दिल्याशिवाय पूर्ण गुण देऊ नयेत. आणि आदर्श उत्तरापासून दूर गेलेले, परंतु आधार दाखविणारे उत्तर ग्राह्य मानण्याची स्पष्ट सूचना परीक्षकांना असावी. अंतर्गत मूल्यमापन आणि प्रश्नपत्रिकेची रचना यांत विभागांना आज जितके स्वातंत्र्य आहे, तितके यासाठी पुरेसे आहे. प्राश्निकाचे श्रम वाढतील, तपासणीला वेळ अधिक लागेल आणि पहिल्या एकदोन वर्षांत निकालही खाली येईल. त्या निकालाचे समर्थन करण्याची तयारी विभागांनी ठेवली पाहिजे. पाठांतर बंद करा, असा आदेश देणे याहून सोपे आहे, आणि म्हणूनच तो इतक्या वेळा देऊनही निष्फळ ठरला. विद्यार्थ्याने काय पाठ करावे, हे प्रश्नपत्रिका ठरविते, आणि प्रश्नपत्रिका अध्यापक काढतात.